बिल्ल्याच्या कडेवरचें नांव

(माजी सैनिक व त्यांच्या घरच्या मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



जुन्या इंग्रजी लढायांचे बिल्ले गोळा करण्याचा मला नाद आहे हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे, आणि त्या नादाबद्दल माझी जी थट्टा होते तीहि माझ्या कानांवर येते. याला मोड जमविण्याचें वेड लागलें, असें एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, इंग्रज जाऊन इतकीं वर्षें झालीं तरी याला त्यांच्या राणीचें तोंड पाहिल्याशिवाय झोंप लागत नाहीं. थट्टेचें मला वाईट वाटत नाहीं. परंतु राणीच्या तोंडासाठीं मी बिल्ले जमवितों हा मात्र शुद्ध गैरसमज आहे. बिल्ला हातांत आला म्हणजे मी त्याचें तोंडहि पाहत नाहीं आणि पाठहि पाहत नाहीं. आधीं कड पाहतों. कां पाहतों, तें आज सांगणार आहें.

लष्करी पदकें दोन जातींचीं असतात. एक शौर्याचें, तें हजारांत एकाला मिळतें. १९११ सालच्या दिल्ली दरबारापर्यंत हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याची सोयच नव्हती. पुढें दुसऱ्या महायुद्धांत मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांना १९४४ सालीं मरणोत्तर आणि नामदेव जाधव यांना १९४५ सालीं, दोघांनाहि इटलींतील लढाईबद्दल, तें मिळालें. त्यांचीं नांवें छापील पुस्तकांत आहेत, आणि असावींच. पण मी बोलतों तें दुसऱ्या जातीबद्दल, म्हणजे मोहिमेच्या पदकाबद्दल. हें पदक जो मोहिमेवर गेला त्या प्रत्येकाला मिळतें. त्यांत विशेष कांहीं नाहीं, असें लोक म्हणतात. मला तर त्यांतच विशेष वाटतें. कारण ज्याच्या हातून जगाच्या डोळ्यांत भरण्यासारखें कांहीं झालें नाहीं, जो नुसता गेला, चालला, तहानेनें तडफडला, लढला आणि परत आला किंवा आला नाहीं, त्या कुणब्याच्या, मराठ्याच्या, महाराच्या, रामोश्याच्या पोराचें नांव सरकारनें धातूवर उमटविलें असेल तर तें या पदकाच्या कडेवर.

हें आपोआप झालेलें नाहीं. त्याचा थोडा इतिहास सांगतों, म्हणजे धातूंतहि वर्णव्यवस्था कशी होती तें आपल्या ध्यानांत येईल.

कंपनी सरकारनें आपल्या फौजेला दिलेलें पहिलें पदक म्हणून ज्याला मानतात तें १७८४ सालचें दख्खनचें पदक. तें कोणत्या लढाईबद्दल? तर पहिल्या इंग्रज-मराठा युद्धांत बंगालची जी फौज इकडे गुजराथ-दख्खनकडे आली तिच्या हिंदी शिपायांना. म्हणजे आपल्याच मुलखावरील चढाईपासून या पदकांचा श्रीगणेशा झाला. तें गळ्यांत दोरीनें घालावयाचें असे, त्यावर फारशी लेख होता. पण शिपायाचें नांव नव्हतें. त्यानंतर १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडलें, आणि त्याचें पदक निघालें. इंग्रजांचा सिंह टिपूच्या वाघाला लोळवीत आहे असें त्यावर चित्र. चित्र एकच, पण धातू पांच! मोठ्या सरदारांना सोन्याचें, त्यांच्या खालच्यांना सोन्याचा मुलामा दिलेल्या रुप्याचें, कप्तानांना रुप्याचें, हवालदार-नाईकांना कांशाचें आणि साध्या शिपायाला कथलाचें. खिंडारांत पहिल्यानें घुसावयाचें तें शिपायानें, आणि घरीं न्यावयाचें तें कथील. आपल्याकडील पंक्तिभेदाबद्दल आपण बोलतों; तसा हा पदकांतला पंक्तिभेद समजा.

मग १८१५ सालीं युरोपांत वॉटर्लूची लढाई झाली. त्या लढाईचें पदक विलायत सरकारनें सेनापतीपासून बाजेवाल्यापर्यंत सर्वांना एकाच रुप्याचें दिलें, आणि प्रत्येकाच्या पदकाच्या कडेवर त्याचें नांव व पलटण यंत्रानें ठोकून दिली. साध्या शिपायाच्या नांवाला इंग्रजी पदकाच्या कडेवर अशी सरसकट जागा मिळाली ती त्या वेळेपासून. वॉटर्लूचा सेनापति तो वेलिंग्टन. हाच वेलिंग्टन बारा वर्षें आधीं, १८०३ सालीं, आपल्या जालन्याकडील असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं लढला होता, आणि त्याच्या हाताखालीं जे मेले त्यांत मद्रासकडील हिंदी शिपाई पुष्कळ होते. वॉटर्लूच्या शिपायाला वर्षाच्या आंतबाहेर पदक मिळालें. असईच्या शिपायाला तें केव्हां मिळालें? १८५१ सालीं. अठ्ठेचाळीस वर्षांनीं! आणि तेंहि जो तोंवर जिवंत राहिला असेल त्यालाच. वीस वर्षांचा पोरगा असईला लढला असेल तर पदक येईपर्यंत तो अडुसष्ट वर्षांचा म्हातारा झालेला.

१८५१ सालच्या या पदकाला 'आर्मी ऑफ इंडिया' पदक म्हणतात. फिकट निळी फीत, आणि फितीवर लढाईच्या नांवाच्या रुपेरी पट्ट्या. या पट्ट्या एकदां वाचून पाहा. असई, आडगांव, गाविलगड, खडकी, पुणें, कोरेगांव, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, अशीरगड. वाटेल तर त्यांस मराठेशाहीच्या शेवटाची बखर म्हणा. एकंदर पदकें सुमारें साडेचार हजारच निघालीं, आणि 'कोरेगांव' ही पट्टी असलेलें पदक तर इतकें दुर्मिळ आहे, कीं लंडनच्या लिलावांत तें आलें म्हणजे जगांतल्या संग्राहकांच्या उड्या पडतात. भीमा कोरेगांवच्या विजयस्तंभावर पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांतील २२ नांवांच्या शेवटीं 'नाक' आहे, म्हणजे ते महार शिपाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजीं त्या स्तंभाजवळ गेले तें कां, हें मीं आपणांस सांगावयास नको. दगडावर नांव होतें म्हणून शंभर वर्षांनीं तें वाचतां आलें.

आणि ज्यांचीं नांवें कोठेंच वाचतां आलीं नाहींत त्यांचें काय झालें? १८९२ च्या सुमारास सरकारनें महारांची पलटणींतील भरती बंद केली. ज्यांचे बाप, आजे सुभेदार, जमादार होते त्या घरच्या मुलांना दारांतून परत लाविलें. निवृत्त हवालदार गोपाळ बाबा वलंगकर यांनीं अर्ज लिहिला, पुढें १९१० सालीं शिवराम जानबा कांबळे यांनीं थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. आमच्या वाडवडिलांनीं तुमची चाकरी केली आहे, हें त्या अर्जांना पुन्हां पुन्हां सांगावें लागलें. सांगावें लागलें, कारण कोणी तें विसरूं पाहत होतें. इनामदाराच्या घरीं सनद असते, कुळकर्ण्याच्या घरीं दप्तर असतें; शिपायाच्या घरीं त्या जागीं एक बिल्ला असतो. ज्यांच्या घरीं दप्तरें होतीं त्यांचा इतिहास लिहून झाला. ज्यांच्या घरीं बिल्ले होते त्यांनीं ते सोनाराला घातले.

सोनाराची गोष्ट पुढें सांगतों. त्याआधीं पलटणीबरोबर जाणाऱ्या, पण पलटणींत न मोजल्या जाणाऱ्या लोकांविषयीं दोन शब्द. भिस्ती, डोलीवाले, आचारी, भंगी, घोड्यांचे मोतद्दार हे लोक गोळीच्या टप्प्यांतच राबत असत. १८८५ च्या ब्रह्मदेशच्या मोहिमेपासून पुढें त्यांना पदक मिळूं लागलें, पण रुप्याचें नव्हे, कांशाचें. श्रीरंगपट्टणचें कथील गेलें आणि कांसें आलें, इतकाच फरक! मात्र कड पाहा. त्यावर नांव आहे आणि नांवाआधीं धंदाहि आहे. भिस्ती अमुक, डोलीवाला तमुक. ज्या माणसाला गांवांत सुद्धां धड नांवानें कोणी हांक मारीत नव्हतें, त्याचें नांव सरकारी ठशानें धातूवर बसलेलें मीं पाहिलें आहे. आणि काळाची गंमत अशी, कीं पहिल्या महायुद्धाचें कांशाचें पदक रुप्याच्या पदकाहून पुष्कळ कमी निघालें, म्हणून आज संग्राहक त्याच्यासाठींच अधिक पैसे मोजतात.

फितीवरच्या पट्टीबद्दलहि एक सांगण्यासारखें आहे. पट्टी जिंकलेल्या लढाईची असते, हरलेल्या लढाईची नसते. १८८० सालीं २७ जुलै रोजीं अफगाणिस्तानांत मैवंद येथें मुंबईकडच्या फौजेचा पुरा मोड झाला. मुंबई ग्रेनेडियर, जेकब रायफल्स या आपल्या पलटणी तेथें कापल्या गेल्या. अडीच हजारांच्या फौजेंत हजाराच्या आसपास माणूस पडलें. त्या लढाईची पट्टी नाहीं. अफगाण मोहिमेचें पदक मिळालें, पण तें उघडें. म्हणून एखाद्या बिनपट्टीच्या अफगाण पदकाला नवखा संग्राहक हात लावीत नाहीं. जाणता मात्र कडेवरची पलटण वाचतो, आणि हातांत काय आलें आहे तें ओळखून गप्प बसतो.

आतां ज्याच्याशीं आपणां सर्वांचा संबंध आहे त्या महायुद्धाकडे येतों. १९१५ सालीं ६ व्या पुणें डिव्हिजनमधून १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी मेसापोटेमियांत लढत होत्या. महिन्याला ११ रुपये पगारावर गेलेले हे लोक कूत गांवीं तुर्कांच्या वेढ्यांत सांपडले, आणि खावयास कांहीं उरलें नाहीं तेव्हां २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण जावें लागलें. पुढें कैदेंत किती मेले, त्याची कथा फार दुःखाची आहे. १९१५ सालींच तेथें पोंचलेल्या अशा शिपायाला, किंवा त्याच्या मागें राहिलेल्या वारसाला, तीन पदकें मिळालीं. एक कांशाची चांदणी, एक रुप्याचें 'वॉर मेडल' आणि एक सोनेरी दिसणारें पण कांशाचेंच 'व्हिक्टरी मेडल'. या तिसऱ्याच्या पाठीवर इंग्रजींत लिहिलें आहे, 'सुधारणेसाठीं झालेलें महायुद्ध'. कोणाची सुधारणा झाली तें विचारूं नका. पहिल्याच्या पाठीवर आणि बाकी दोहोंच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव आणि पलटण आहे.

आणि या नांवाला मी इतका चिकटून कां बसतों तें आतां ऐका. मेसापोटेमियांत जे पडले आणि ज्यांची थडगीं नाहींत त्यांच्यासाठीं बसरा येथें १९२९ सालीं मोठें स्मारक झालें. त्यावर चाळीस हजारांहून अधिक माणसांची नोंद आहे. गोऱ्या सोजिरांचीं नांवें कोरलीं. हिंदी अंमलदारांचीं नांवें कोरलीं. आणि साध्या हिंदी शिपायांचें काय? पलटणीचें नांव, आणि त्याखालीं 'व इतर इतके हिंदी शिपाई'. आंकडा! २०२१ सालीं त्या थडगीं-स्मारकांच्या कमिशननें स्वतःच चौकशी करून कबूल केलें, कीं हिंदी आणि आफ्रिकी शिपायांच्या बाबतींत असा भेदभाव झाला, आणि त्याबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनीं कां होईना, मागितली. आपल्या सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गांवांत चावडीवर किंवा देवळाजवळ संगमरवरी पाटी असते, ती आपण पाहिली असेल. या गांवांतून इतके लोक महायुद्धावर गेले, पैकीं इतके मेले. तेथेंहि आंकडाच. दगड आंकडा सांगतो आणि नांव सांगत नाहीं. नांव सांगणारी वस्तू आपल्या घरांतल्या फडताळांत, पितळेच्या डब्यांत, नाहीं तर सोनाराच्या मुशींत.

कारण सोनाराच्या दृष्टीनें तें वॉर मेडल म्हणजे अडीच-पावणेतीन तोळे चोख रुपें. दुष्काळ पडला, पोरीचें लग्न निघालें, सावकाराचा माणूस दारांत बसला, कीं आजाचा बिल्ला बाजारांत गेला. मी त्या बायामाणसांना दोष देत नाहीं. भुकेच्या पोरापुढें राजाच्या मुखवट्याची काय मातबरी? हें आपल्याकडेच झालें असेंहि नाहीं. १९८० च्या आरंभीं जगभर चांदीचा भाव आकाशाला भिडला, तेव्हां विलायतेंत सुद्धां लोकांनीं आपल्या बापआजांचीं वॉर मेडलें ढिगानें आटविलीं. म्हणूनच घरोघर तीनपैकीं रुपें गेलेलें आणि कांसें उरलेलें दिसतें. मला स्वतःला एका तालुक्याच्या गांवीं सराफी दुकानांत एक वॉर मेडल दिसलें. कोणा लेंकराच्या गळ्यांत घालण्यासाठीं त्याला कडी डकविलेली होती. मीं भिंग लावून कड पाहिली, तर ती कानशीनें घासून गुळगुळीत केलेली. "पोराच्या मानेला अक्षरें टोंचत होतीं" असें दुकानदार म्हणाला. त्यानें चांगल्या भावनेनेंच घासलीं. तें पदक मीं घेतलें नाहीं. त्यांत घेण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें.

आतां संग्रहाचें शास्त्र थोडक्यांत सांगतों, कारण फसविणारे पुष्कळ झाले आहेत. मुंबईच्या चोरबाजारांत आणि हल्लीं मोबाइलवरच्या विक्रींत ओतीव नकली पदकें सर्रास येतात. धातू थिजतांना आकसतो, म्हणून नकली पदक असलापेक्षां किंचित् लहान भरतें आणि त्याच्या अंगावर बारीक खड्डे दिसतात. असल वॉर मेडल ३६ मिलिमीटर भरतें. पदक पट्टीनें नव्हे, कॅलिपरनें मोजावें. मोजमाप एका बाजूनें कमी भरलें, तर जुनें नांव घासून नवें घातलें आहे असा संशय घ्यावा. नांव ठशानें ठोकलेलें आहे कीं हातानें कोरलेलें आहे, आणि त्या काळीं त्या पलटणीला कोणत्या तऱ्हेनें देत असत, हें पाहावें. ॲबिसिनियाच्या १८६८ सालच्या मोहिमेचें उदाहरण घ्या. ती फौज मुंबईहूनच गेली. तिच्या पदकांत गोऱ्या शिपायाचें नांव पाठीच्या मध्यभागीं उठावाच्या अक्षरांत आहे, तर हिंदी शिपायांपैकीं बहुतेकांचें नुसतें ठशानें दाबलेलें. जो हा फरक जाणत नाहीं तो खरें पदक नकली समजून टाकून देईल. पट्ट्यांचे खिळे पाहावे. सोयीच्या पट्ट्या मागाहून जोडणारे कारागीर आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पदक घासूं नये. चिंच नको, राख नको, तो पांढरा लेपहि नको. आपल्या मायभगिनींना काळें पडलेलें रुपें डोळ्यांपुढें सहन होत नाहीं, हें मी घरींच अनुभवतों; पण त्या काळेपणाबरोबर अक्षरें झिजतात.

नांव वाचतांना गोंधळूं नका. इंग्रज कारकुनानें जें कानावर पडलें तें आपल्या लिपींत लिहिलें. 'जाधव'चें 'जाधाओ' झालें, 'मराठा'चें 'महराट्टा' झालें. बापाचें नांव नाहीं, गांव नाहीं. एका पलटणींत दहा पांडू आणि दहा राघू. तेव्हां नंबर सर्वांत मोलाचा. नांव चुकतें, नंबर चुकत नाहीं. त्या नंबरावरून पदकांच्या याद्या पाहतां येतात. लंडनला ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसचें दप्तर आहे, क्यू येथें राष्ट्रीय दप्तरखान्यांत जुन्या मोहिमांच्या याद्या आहेत. पंजाबकडे तर लाहोरच्या संग्रहालयांत पडून राहिलेल्या नोंदवह्यांतून महायुद्धावर गेलेल्या सुमारें तीन लाख वीस हजार लोकांच्या नोंदी सांपडल्या, आणि २०२१ सालापासून त्या लोकांना पाहावयास मिळूं लागल्या. आपल्या मराठा पलटणीचें केंद्र बेळगांवांत आहे, महार पलटणीचें सागरला आहे. विचारणा करावयास पोस्टाचें तिकीट पुरतें.

एक आक्षेप मला नेहमीं घेतात, त्याला उत्तर देतों. परक्या राज्याच्या चाकरीचे बिल्ले मिरविण्यांत भूषण तें कसलें, असें शिकलेले तरुण विचारतात. मिरवा असें मी कोठें म्हणतों? छातीवर लावूं नका, भिंतीवर टांगूं नका. तो कां गेला तें मात्र विचारा. घरीं जमीन चार बिघे, भाऊ पांच, आणि सावकाराचें व्याज. त्यानें राज्य कोणाचें हें पाहिलें नाहीं, अकरा रुपये पाहिले, आणि त्यांतून सात रुपये घरीं धाडले असतील. ज्यांनीं त्याच इंग्रजाची चाकरी खुर्चीवर बसून केली, त्यांच्या नातवांना आजाची रावबहादुरी सांगतांना कोणी हा प्रश्न विचारीत नाहीं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. बिल्ला विकावयाचाच झाला तर विका. गरज कोणाला चुकली आहे? पण विकण्याआधीं कडेचा फोटो मोबाइलनें काढा, चार बाजूंनीं, उन्हांत नव्हे तर सांवलींत, म्हणजे अक्षरें उठून दिसतात. आणि कोणी दलाल तुमच्या पणजोबाचा बिल्ला परदेशीं पाठवितों म्हणाला, तर त्याला १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा दाखवा. शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तू सरकारी अधिकाराशिवाय देशाबाहेर धाडणें गुन्हा आहे, आणि पहिल्या महायुद्धाचे बिल्ले आतां शंभरी ओलांडून गेले आहेत.

माझें बोलणें संपलें. आपल्यापैकीं ज्यांनीं सांगितल्याप्रमाणें घरचे बिल्ले बरोबर आणले आहेत त्यांनीं ते विकत मागतो कीं काय अशी शंका मनांत आणूं नये; मी आज एकहि घेणार नाहीं. सभा उठल्यावर देवळाच्या ओवरींत मी भिंग आणि वही घेऊन बसतों. एकेकानें येऊन कड दाखवावी. नंबर, हुद्दा, नांव, पलटण मी लिहून घेईन, आणि बापाचें नांव व गांव तुम्हीं सांगावें. तें बिल्ल्यावर नाहीं. ज्यांच्याकडे नुसती फीत किंवा रिकामी डबी उरली आहे त्यांनींहि यावें. शेवटची एस. टी. साडेसातला आहे, तेव्हां लांबच्या गांवच्या मंडळींनीं आधीं यावें.